पातळी

भडंगाचा पुडा आणलात आज,
म्हणजे कुठंतरी काही जळलं.
तुम्ही सांगत नाही. मी विचारत नाही.
मोरीत नळ चालू राहतो अर्धा तास,
बादली भरून वाहते,
आणि मी पोह्यांवरचं झाकण
काढते, पुन्हा ठेवते.

कुपवाडला रसायनाचे ड्रम फुटले
हे मला मगदूम वहिनींकडून कळतं.
भुवया अर्ध्या का झाल्या, प्राजू विचारते.
न्हाव्यानं चुकवलं, म्हणता.
ती हसते. सहावं लागलंय तिला,
अजून वर्षभर हसेल.

रात्री तीनदा उठता.
रेग्युलेटर बघता. समई बघता.
उदबत्तीचं टोकसुद्धा ओल्या चिमटीत विझवता.
मग खाटेवर बसून फोनकडे बघत राहता,
तापला पत्रा असावा तसं.

प्राजूच्या बारशाला रजा मागितली. माणसं कमी.
तात्यांच्या दहाव्याला मागितली. माणसं कमी.
भरतीची फाईल वर गेलीय म्हणे.
वर म्हणजे कुठं?
माळ्यावर पण मी राहून आलेय.

हो, ते एकदा बोलूनच टाकते.
आयर्विनवर पाण्यानं पन्नाशी ओलांडली
तेव्हा तुम्ही शामरावनगरात बोट फिरवत होता.
कुणाची म्हातारी, कुणाची शेळी,
कुणी तर गादी सोडेना.
पेपरात फोटो आला :
खांद्यावर परकं पोर,
त्यानं तुमचे केस मुठीत धरलेले.

मी दत्तनगरात. प्राजू कुकरच्या खोक्यात.
बुडणाऱ्या पायऱ्या मोजत होते,
सातवीनंतर मोजणं सोडलं.
आम्हाला काढलं ते मिरजेच्या बोटीनं.
वल्हं मारणारा म्हणाला, ताई, घाबरू नका,
आणि मला त्याच्या बायकोची आठवण आली,
जिला मी कधी पाहिलेलं नाही.

फोटो कापून ठेवलाय मी.
अभिमान आहे. राग पण आहे.
वीजबिलांच्या डब्यात दोन्ही मावतात.

नळ थांबला.
केस पुसत बाहेर आलात,
प्राजूच्या ओंजळीत भडंग ओतलंत,
शेंगदाणे वेचून तिलाच दिलेत,
आणि फोन वाजला.

वाळके मोजे दिले मी. दुसरं काय देणार.
जिन्यात चार पायऱ्या उतरून
माघारी फिरलात.
वाटलं, काही बोलायचं असेल.

गॅस बंद आहे ना?

हो, म्हणाले.
पोह्यांखाली
मंद आच होती अजून.