मागून येते

भातगिरणीवर एकतीस वर्षं
मूठभर तांदूळ हुंगून सांगत आलो:
हा चिन्नोर, हा हिरानकी,
ह्यात शेजारच्या बांधीतलं मिसळलंय,
हा पोत्यात ओला भरला होता.
व्यापारी माझ्या नाकाला मान देत.
मला चहा.

त्या नाकासाठी म्हणून
पोर्णिमेनं नाशिकहून बाटली आणली.
तिथल्या तळघरात ती पिंपं धुवायला लागली होती,
आता घोट घेते, थुंकते, वहीत लिहिते,
आणि त्याचा पगार मिळतो.
"ऐंशी वर्षांच्या वेली, बाबा, परदेशातल्या.
घड मोजके येतात,
पण मुळं पार खडकात गेलेली."

फाल्गुनातली दुपार. फ्रीज होता, लाईट नव्हती.
माठाखालच्या ओल्या रेतीत
तिनं बाटली गळ्यापर्यंत पुरली.
अन्सा म्हणाली, "काय पेरलंस वो माय?"

बूच निघेना.
रस्त्यावरचा उकंडा पकड घेऊन आला,
पंक्चरवाल्याच्या हातानं
स्क्रू पिळून हळूच ओढलं,
बुचाला कान लावला, म्हणाला,
"हवा नाही गेली."
त्याला अर्धा पेला. पेले आहेराचे,
गुलाबाची फुलं छापलेले, सहातले चार उरलेले.

रंग म्हणाल तर
भाताची पेज निवळल्यावर वर येते
त्या पाण्याचा, जरासा पिवळा.
मी नाक घातलं.
आधी काहीच नाही.
मग लिंबाची साल, सुकत आलेली.
मग मोहळाचं मेण.
आणि तळाशी, मी डोळे मिटले,
तलावाच्या तुडुमाचा दगड,
पाणी सोडल्यावर उघडा पडतो तो,
ओला, थंड, शेवाळ नसलेला.
पोर्णिमा वही काढून बसली होती.
"दगड," मी म्हणालो.
तिनं वर पाहिलं, आणि लिहिलं.

आता हिच्यासोबत खायचं काय?
अन्सानं भिवापुरी मिरचीची तर्री पुढं केली.
एका घासात दारू पळून गेली,
जिभेवर नुसता जाळ, पेल्यात नुसतं पाणी.
लाखोरीचे वडे बरे निघाले,
तेलकट तोंड धुतल्यासारखं झालं, पण तेवढंच.
गूळ-शेंगदाणे? पोर्णिमेनं मानच हलवली.
अमाडीच्या भाजीशी तर
दोन सवतींसारखं भांडण.

तेवढ्यात जयवंता आली, टोपली डोक्यावर,
तलावातले शेवटचे झिंगे आणि एक मरळ घेऊन.
अन्सानं मरळ हळद-मिठात लोळवली,
जवसाच्या तेलात परतली. मिरची नाही.
तिचा हात दोनदा डब्याकडं गेला, दोनदा परत आला,
चाळीस वर्षांच्या संसारात
एवढा संयम मी पाहिला नव्हता.
सोबत चिन्नोरचा भात, पेज न काढलेला.

मग झालं.
कसं सांगू, काय झालं ते?
भाताचा वास वर आला, मासा मऊ झाला,
आणि तो दगड दोघांच्या मधे बसला,
पंगतीत उशिरा आलेल्या सोयऱ्यासारखा,
कोणालाही न सरकवता.

जयवंताला पेला दिला.
ती उभ्यानंच प्याली, तोंड वाकडं केलं.
"पानीच होय जी हे."
पैसे मोजले, कनवटीला लावले,
टोपली उचलली, दारापर्यंत गेली,
आणि थांबली.
जीभ टाळूला लावून, डोळे बारीक करून,
बराच वेळ.
"मागून येते," ती म्हणाली.
"काय येते?"
"मालूम नाही. पन येते."

पोर्णिमेनं ते शब्द तसेच वहीत लिहिले.
मग वही मिटली.

बाटली धुऊन अन्सानं जवसाचं तेल भरलंय.
कागदावरचा वेलीचा खुंट
तेलाच्या बोटांनी काळा पडत चाललाय.
सकाळी गिरणीवर हवालदिल शेवडे
मूठ पुढं करतो: "सांगा काका, कोणता?"
मी हुंगतो, नाव सांगतो,
आणि मूठ लगेच सोडत नाही,
काही मागून येतं का, बघत.