शीग

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
नाशकातला एकही तराजू माझ्यासमोर
खोटं बोलला नाही, निदान दुसऱ्यांदा तरी.
भगूर, देवळाली कॅम्प, ओझरचा बाजार;
मापट्याच्या बुडाला आतून मेण लावणारा तो बाजरीवाला
अजून स्वप्नात येऊन मला नमस्कार करतो.

आज सिडकोतल्या दोन खोल्यांत
इंदुमती स्टुलावर, उजवा हात प्लास्टरात,
मी ओट्यापाशी,
आणि फोनवर लाइपझिगहून ऋजुताचा निरोप:
बाबा, आईचा दराबा ग्रॅममध्ये लिहून पाठवा,
इथे वाटी म्हटलं की विचारतात, कोणाची?

प्रश्न बरोबर आहे.

वाटी काढली. भांडी बाजारातली, माझ्या पहिल्या बोनसची.
दुकानदार दीडशे मिली म्हणाला होता.
मोजनळीने पाणी ओतलं, एकशे बेचाळीस.
एका अंगाला पोचा.
"हा कधीचा?"
"ऋजू रांगायची तेव्हाचा. आपटायची ती."
नियमाने ही वाटी बाद.
नियमाने मी इतकी वर्षं
वाटीमागे आठ मिली कमी जेवलोय,
आणि ढेकर मात्र पूर्ण मापाचे दिलेत.

काटा मांडला.
पिठीसाखर शहाऐंशी. तूप एकशे एकोणतीस.
पातळ पोहे जेमतेम वीस
(दराब्यात पोहे नसतात, पण हाताला चटक लागली की लागली).
गव्हाचा रवा पहिल्यांदा पंच्याण्णव,
दुसऱ्यांदा एकशे आठ.
"वाटी आपटलीत ना ओट्यावर?
मी आपटत नाही. भरते."

तिसऱ्यांदा भरली तर वर शीग राहिली.
सवयीने माझ्या हातात पट्टी आली,
किती दुकानदारांना मीच शिकवलं, काठाशी सपाट करा.
"राहू द्या ती," इंदुमती म्हणाली,
"लाडू तेवढ्यावरच वळतो."
"तेवढी म्हणजे किती?"
"घरंगळायच्या आधीपर्यंत."
मी लिहिलं एकशे एकवीस.
मग खोडलं.

तूप फेसायला मीच बसलो, परातीत, तळहाताने,
ती डाव्या हाताने हवेत दाखवेल त्या दिशेने.
वीस मिनिटांत खांदा गेला,
तूप पांढरं झालं, फुगलं, वाटीत मावेना.
परत तोललं. एकशे सत्तावीस.
दोन ग्रॅम माझ्या बोटांना.
निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच
मी स्वतःच्या काट्याकडे संशयाने पाहिलं.
"मग एवढं वाढलं ते काय?"
"हवा," ती म्हणाली. "तिचे पैसे कोणी लावत नाही."

कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता केला,
सही, तारीख, वर ठळक अक्षरांत: फक्त ह्या वाटीने.
शिगेची चौकट रिकामी.
रात्री ती झोपल्यावर लक्षात आलं,
की वाटीशिवाय हा तक्ता म्हणजे
कुलूप नसलेली किल्ली.

पवननगरच्या पोस्टात पार्सल दिलं.
खिडकीतल्या मुलीने तोललं, दोनशे चौदा ग्रॅम, खोक्यासकट.
काट्यावरचा शिक्का
मागच्या मार्चलाच संपलेला.
जिभेवर आलं होतं.
पैसे मोजले, पावती घेतली,
आणि चालत घरी आलो;
ओट्यावर आता चहाचा कप घेऊन
इंदुमती डाव्या हाताने तांदूळ मोजत होती.