एक्केचाळीस सेकंद

त्या व्हिडिओत मी दिसत नाही.
फोन माझ्या हातात होता, म्हणून फक्त हसू ऐकू येतं,
एकदाच, शेवटाकडे, शिंकेसारखं.
नाचते आहे ती फरंगीस.
चेहरा कुणालाच नव्हता तेव्हा,
पाठीवर मार्करनं नावं लिहायचो आम्ही;
तिच्या नावातलं शेवटचं अक्षर घामानं ओघळलेलं.

रश्तमधलं आमचं इस्पितळ, दुसरा मजला,
नवरोजला नऊ दिवस बाकी.
कुणाच्या तरी मोबाइलवर लग्नातलं गाणं लागलं
आणि ती दोन खाटांमधल्या फटीत
खांदे हलवायला लागली.
प्लास्टिक कुरकुरत होतं, बूट दोन मापं मोठे.
अकरा नंबरवरचे कियूमर्सआगा,
लाहिजानकडच्या चहाच्या मळ्यातले,
दोन दिवस कुणाशी अक्षर बोलले नव्हते,
ते टाळ्या वाजवायला लागले.
बोटावरचा चिमटा निसटला,
यंत्र किंचाळलं,
सगळ्या धावलो, मी फोन धरूनच,
आणि पाहतो तर म्हातारा हसतोय, मास्कमध्ये वाफ.
जीव भांड्यात पडला सगळ्यांचा.
इथे व्हिडिओ संपतो.

पुढे तो कुठे कुठे गेला.
ज्यांची भाषा आम्हाला येत नाही
त्यांनी आम्हाला शूर म्हटलं,
खाली लाल बदामांची रांग.

चौथ्या रात्री अकरा नंबरचं यंत्र पुन्हा किंचाळलं.
फरंगीस सात नंबरच्या बाईला पालथं वळवत होती.
मान वर न करता म्हणाली,
वाजवतायत बघ टाळ्या.
एवढंच.
मग त्या बाईची नळी सरळ केली, उशी सरकवली,
हातमोजे बदलले.
मग गेली.

तीन वर्षं झाली.
मध्ये एकदा फॉर्म आला होता, मनाच्या तब्येतीचा:
गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा झोप लागली नाही,
किती वेळा स्वतःचा राग आला.
तिनं सगळीकडे ‘कधीच नाही’वर खूण केली
आणि माझं पेन टोपण लावून परत दिलं.
पण टाळी ऐकली की ती घड्याळ बघते.
भाच्याच्या वाढदिवशी.
बसमध्ये कुणी डास मारला तरी.

काल तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं.
इस्फंदचा धूर, बायकांनी धरलेलं रिंगण,
आणि तिला मध्ये ओढलं:
तू तर अख्ख्या जगाला नाचून दाखवलंस!
तिचे हात खांद्यापर्यंत वर गेले.
टाळ्या सुरू झाल्या.
हात तिथेच राहिले,
कुणी बंदूक रोखल्यासारखे.

मी मागच्या अंगणात गेले तेव्हा
भाताच्या रिकाम्या पातेल्यांपाशी उकिडवी बसली होती,
त्या रेशमी झग्यात,
मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातानं झाकून.

मी काही ठरवून गेले नव्हते.
म्हटलं, त्या रात्री मी दाराशी होते.
माझे हात रिकामे होते.
मीही ऐकलं, आणि मलाही टाळ्याच वाटल्या.
तू म्हणालीस तेव्हा मी हसलेसुद्धा.

नळ ठिबकत होता.
मला वाटलं, आता ही माझं तोंड पाहणार नाही.
मग तिनं विचारलं,
किती वाजले होते?
तीन वीस.
तीन बावीस, ती म्हणाली.
नाही गं, वीस. नोंदवहीत मीच लिहिलं.
भिंतीवरचं बघून लिहिलं असशील. ते मागे होतं.
सेल मी बदलला त्याचा, नंतर.
वीस.
बावीस.

असं भांडत बसलो आम्ही दोन मिनिटांवरून,
आत टाळ्या चालूच होत्या.
कुणीतरी दारातून ओरडलं, केक कापायचाय!
आलो, ती म्हणाली,
आणि उठली नाही.