परत सांगा

पहिल्या मंगळवारी मी सगळंच सांगितलं,
एका दमात, परीक्षेतल्यासारखं.
मार्तंडराव खलाटे दवाखान्याच्या खिडकीशी उभे.
हो हो म्हणाले,
आणि पिशवी घेऊन रामबागेकडे चालते झाले.
महिन्याने पिशवी परत आली,
अर्ध्या पट्ट्या न फोडलेल्या.
"बरं वाटून राहिलं होतं ना, ताई. मग कशाला?"

तेव्हापासून एका वेळी एकच.
तीन मिनिटं. मागे रांग खोकते,
कुणी म्हणतं, "जल्दी करो, मॅडम."

ही पांढरी, बीपीची.
बरं वाटतं ते हिच्यामुळे,
बरं वाटलं म्हणून हिला सोडायचं नाही.
परत सांगा.
"पांढरी. बरं वाटलं की सोडायची."
नाही. परत.

पुढच्या मंगळवारी तेच.
त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच, वर अर्धी ओळ:
पिवळी लघवीची, ती सकाळी.
रात्री घेतलीत तर झोपेचं खोबरं.
"ते तर झालंच आहे," म्हणाले,
आणि माझ्याकडे बघतच राहिले.

चौतीस वर्षं टेम्पोच्या दारात लटकून
ते स्टॉप ओरडायचे. राजवाडा, मल्हारगंज, बडा गणपती.
"सगळे एकदम सांगितले तर कुणी ऐकत नाही, ताई.
जो आला तोच घ्यायचा, पण तीनदा.
पहिल्यांदा माणूस खिडकीबाहेर असतो.
दुसऱ्यांदा मान वळवतो.
तिसऱ्यांदा उतरणारा उठतो."

मी मान वळवली.

पावसाळा सरला. साखरेची गोळी पोह्यांबरोबर बसली,
जिलेबीचं मी विचारलं
तर ते भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

मग कार्तिकात
मी पट्टी सरकवली, त्यांनी उचलली नाही.
बोटाने उलटी केली. सुलटी केली.
"ही गुलाबी आहे."
कंपनी बदलली हो, औषध तेच.
"तुम्ही पांढरी म्हणाला होता."

म्हणाले होते.
आठ मंगळवार मी रंग शिकवला,
नाव एकदाही नाही.

रांग खोकली. मार्तंडरावांनी
मागे न बघता हात वर केला,
गाडी थांबवतात तसा,
कान खिडकीच्या जाळीला लावला.
मी पट्टीवरचं बारीक अक्षर वाचलं:
अ‍ॅम्लोडिपिन.
"अम्लो?"
अ‍ॅम्लोडिपिन.
"काय?"
अ‍ॅम्लो