बैसा

रुवीत, टायरच्या दुकानांमागच्या गल्लीत
चार टेबलांचं एक सँडविच-कॅफे आहे.
पाटीवरचं चीज उन्हानं पांढरं पडलंय,
टोमॅटो मात्र अजून लाल.
एसीचं पाणी ठिबकतं तिथं तुपाचा रिकामा डबा,
आणि त्यात कुणीतरी लावलेला पुदिना.

दर मंगळवारी, एक ते दीड,
झुलेखा आणि मी इथं जेवतो.
जेवतो म्हणायचं.
पराठ्यावर चीज, चिजावर चुरलेल्या चिप्स,
सगळं गुंडाळून तव्यावर दाबलेलं.
तिच्या अम्मीनं एकदा व्हिडिओवर बघितलं
आणि फक्त विचारलं, भात कुठंय?

आम्हाला दारात बघून शिहाब सुरी पुसायला घेतो.
एक सँडविच, मधून कापून. दोन चहा.
दोन वर्षं झाली, त्याला सांगावं लागत नाही.

आज ती माझ्या आधी येऊन बसलेली.
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
माका आज भूक नाय गो, तू खा.
मग हर्णैच्या भावाची होडी,
होडीचं इंजिन, इंजिनाचा हप्ता,
आणि इथल्या सुरमईला कशी चवच नाही ते.
समुद्र तर एकच आहे, मी म्हटलं.
समुद्र एक असला म्हणून मासा एक असतो काय?
मोठ्यानं हसली. शिहाबही हसला, न कळता.
सगळं बोलली ती.
क्लिनिकबद्दल बोलली नाही.

मला फिलोमिनाकडून कळलं होतं.
शटर ओढलंय, डॉक्टर कोचीला गेलाय,
तीन पगार इन्शाअल्लावर ठेवून.

मी विचारलं नाही.
तिनं आपल्या अर्ध्यातले दोन घास खाल्ले,
उरलेलं टिश्यूत ठेवलं, चारी कोपरे दुमडले
पाकिटासारखे,
आणि पर्सची चेन फार हळू ओढली.
तेवढा वेळ मी डोंगराकडे बघत होते.
रुवीच्या डोंगरात बघण्यासारखं काही नाही,
झाड नाही, शेळी नाही,
भाजलेल्या विटेचा रंग नुसता.
तरी बघितलं. चष्मा पुसला. परत बघितलं.

बिल मी देते म्हणाले तर
डोळे असे वटारले की हात मागे घेतला.
अर्ध्याचे तीनशे.
शंभराची एक नोट, मऊ झालेली.
पन्नासाची दोन नाणी. पंचविसाची दोन.
मग दहाची, एक एक, पाच.
प्रत्येक नाणं ठेवताना बोट त्यावर जरा थांबायचं.

इथं पैशाला बैसा म्हणतात.
आमच्या गावी ओसरीवर कुणी आलं
की जुनी माणसं म्हणायची, बैसा.
आता म्हणत नाहीत.
आता म्हणतात, बसा,
किंवा बोलता बोलता खुर्ची सरकवतात पायानं.
या परक्या देशानं मात्र
तो शब्द टाकसाळीत पाडून ठेवलाय,
खिशात खुळखुळतो,
दहा वेळा, पंचवीस वेळा, पन्नास वेळा,
बैसा.

दीड वाजला.
नेहमी तीच आधी उठते,
पेशंट ताटकळलेत म्हणत, चहा अर्धा टाकून.
आज मी उठले.
ती उठली नाही.
तू हो पुढं, म्हणाली, मी बसते जरा. इथं गार आहे.
आणि पुदिन्याच्या डब्याकडे बघायला लागली,
मी डोंगराकडे बघितलं होतं तशीच.

मी दारापर्यंत गेले.
दार ढकललं तर ऊन अंगावर आलं
भट्टीचं झाकण काढल्यासारखं.
परत आले. पर्स टेबलावर ठेवली.
काय गो, काय विसरलीस?
चहा, म्हटलं.

शिहाबनं पातेलं चढवलं.
मॅनेजरला काय सांगायचं
ते जिना चढताना ठरवेन.