पाव गोळी

पुंता अरेनासमध्ये वारा असा
की दोरीवरचे कपडे आडवेच वाळतात.
एदेलमीराचा कुत्रा, त्रापो,
फाटकापर्यंत जाताना मध्येच मटकन बसायचा.
विसावला की पुन्हा दहा पावलं.
गिळलेलं जसंच्या तसं बाहेर यायचं.

जनावरांची डॉक्टर मिलेंका म्हणाली, मायस्थेनिया.
माणसांनाही होतो.
निरोप निघतो, स्नायूच्या दाराशी पोचतो,
आणि घरचेच राखणदार त्याला आत सोडत नाहीत.

"म्हणजे कुंपणानंच मेंढी खाल्ली,"
एदेलमीरा म्हणाली. चाळीस वर्षं तिनं लोकर निवडली होती.
सहीसाठी पेन उचललं.
तिसऱ्या अक्षरावर हात खाली आला.

मिलेंका कागदाकडे बघतच नव्हती.
"डावी पापणी कधीपासून अशी?"
"वाऱ्यानं."
"फक्त संध्याकाळचा वारा?"

आता दोघांत एक बाटली.
तिला अख्खी, त्याला पाव,
चीजच्या सुरीनं कापलेली;
उडालेला चुरा ती बोटानं टिपून स्वतः चाटते.
शेजारच्या ओस्वाल्दोनं फळ्या ठोकून उंच खुर्ची केली.
तीत त्रापो ताठ बसून जेवतो, वकिलासारखा.
जेवण झाल्यावर दहा मिनिटं उतरायचं नाही.
समोर ती, तिचाही बटाटा कुस्करलेला.
चमच्यांचा आवाज. बाहेर पत्रा वाजतो.

काल तिनं अंगणातून हाक मारली.
आवाज नाकातून आला, अर्धाच:
"त्रा..."
त्यानं एक पापणी उचलली, दुसरी उचलेना.
दहा पावलं. मटकन.
मग उरलेली.