झोळ

दोर मागायला येणाऱ्याला मी आधी एकच विचारतो:
झोपणार कोण?
लोक हसतात. तिशकोकोबमध्ये घरोघरी हामाका विणतात,
पण ती टांगायचा दोर मात्र सगळे अंदाजपंचे नेतात,
आणि कंबर धरली की माझ्या नावाने शंख.

दोन्या एर्मिलिया कानुल हसली नाही.
म्हणाली, मुलगा.
म्हटलं, वजन?
ती काउंटरवरच्या खिळ्यांच्या डब्यात बघत राहिली.
गेला तेव्हा चौपन्न किलो होता.
अकरा वर्षं झाली. तिकडे कोंबड्या कापायच्या कारखान्यात
गारठ्यात उभा असतो. खातो बरा, म्हणे.
फोनवर दिसतो, पण फोनवर नुसतं तोंड दिसतं.
तोंडावरून किलो कसे सांगू, निकांद्रो?

मी एकेक वेटोळं खाली काढलं.
घायपाताचा दोर: इथल्याच रानातला,
पण दमट हवेत आतून कुजतो, वरून कळू देत नाही.
नायलॉन: बळ भरपूर, फक्त रात्रभर ताणत जातो,
पहाटे झोपणाऱ्याचं बूड फरशीला टेकतं.
निळा प्लास्टिकचा: स्वस्त.
गाठ धरत नाही, उन्हात त्याचा भुगा होतो.
तिने प्रत्येकाचा पीळ उलगडला, पेड मोजले,
एक धागा दाताखाली धरून पाहिला,
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हामाका विणताना धरते तसा.

शेवटी पांढरा पॉलिएस्टर, करंगळीएवढा जाड.
ऐंशी धरू? मी विचारलं.
शंभर धर.
मग पैसे मोजता मोजता थांबली:
एकशेवीस धर.
एकटाच येतोय असं काही तो म्हणालेला नाही.

पुडीच्या कागदावर मी तिला काढून दाखवलं.
ताठ बांधलीस, तर नव्वद किलोचा माणूस
दोन्ही टोकांना अडीच-अडीचशेनं ओढतो.
सैल सोडलीस, तर नव्वदचा नव्वदच राहतो.
शिवाय गाठ निम्मं बळ स्वतःच खाते.
तेव्हा झोळ ठेव. बघायला बरं नाही दिसलं तरी ठेव.

ओढून धरलं की वजन वाढतं,
ती म्हणाली, हे तुला शाळेत शिकवलं?
नाही. वडिलांच्या खोलीचं छत खाली आलं तेव्हा.

त्या रात्री तिने दोर बांधला
आणि हामाकेत मक्याची दोन पोती ठेवली,
पन्नासाची एकेक, वर वीस किलोचं जातं.
शेजारची फिदेलिना पाण्याला उठली तेव्हा तिला दिसलं:
दोन्या एर्मिलिया स्टुलावर बसून
पोत्यांना झोका देत होती.
फिदेलिना म्हणते, गुणगुणतही होती.
फिदेलिनाचं सगळंच खरं धरू नये.

नऊ दिवसांनी तो स्वतः आला.
दारात वाकून, बोटं गारठ्याने कायमची सुजलेली,
हातात उखडलेला हूक, त्याला भिंतीचा चुना.
दोर टिकला, म्हणाला. हूक निघाला.
पडलास?
मी नाही. आई.
मी खाली चटईवर होतो.
मला आता टांगून झोप लागत नाही,
म्हणून ती म्हणाली, मग मीच झोपून बघते, कशी टांगलीय ते.
लागलं नाही फार. हसत होती. मग नव्हती.

लांब हूक दे, भिंतीतून आरपार जाईल असा.
मी काढले दोन.
तो वेटोळ्यांवरून हात फिरवत राहिला,
घायपातापाशी थांबला, बोट हुंगलं.
आणि विचारलं,
ही सवय किती दिवसांत परत लागते?

इतक्या वर्षांत मला कुणी किलो विचारलेत,
मीटर विचारलेत, उधारी विचारली आहे.
मी हूक कागदात गुंडाळत राहिलो,
लागतो त्याहून जास्त कागद.